रंग न धरलेला काप

पहिल्या खेपेला सुनंदाला वाटलं, द्रावण जुनं झालं असेल. तिने नवं केलं, पुन्हा काप रंगवला. तो पुन्हा पांढराच राहिला.

काप रोशनच्या मांडीच्या स्नायूचा होता. रोशन दोन महिन्यांचा, वरच्या मजल्यावर श्वासाच्या मशीनवर होता. मान धरणं दूरच, त्याला धड रडताही येत नव्हतं. पेशीला प्राणवायू वापरता यावा म्हणून एक एन्झाइम लागतं. ते काम करत असेल, तर गोठवलेल्या पातळ कापावर द्रावण घातलं की स्नायूचे तंतू तपकिरी होतात. जितकं एन्झाइम जास्त, तितका रंग गडद. सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याने तो गडदपणा तंतूगणिक मोजायचा आणि निरोगी कापाशी ताडून पाहायचा, हे सुनंदाचं काम. ती मूळची बेळगावजवळच्या खानापूरची, पण तिची सगळी उमेदीची वर्षं बेंगळुरूच्या या इस्पितळात गेली होती.

शेजारचा निरोगी काप चांगला चॉकलेटी झाला होता. रोशनच्या कापातही रक्तवाहिन्यांच्या भिंतींनी रंग घेतला होता, म्हणजे द्रावणात खोट नव्हती. तंतू तेवढे कोरे होते. तिने अहवाल दिला, एन्झाइमचं काम जवळजवळ शून्य.

रोशनवर उपचार करणाऱ्या डॉ. शिवकुमारांनी तिला बोलावून घेतलं. रोशनचा बाप गुंडो बेंगळुरूच्या पीण्या भागात, एका कारखान्यात लेथवर कामाला होता, त्याला कन्नड यायचं. आई शिवलीला खानापूरकडच्या खेड्यातली, तिला मराठीच कळायचं. डॉक्टर बोलत गेले आणि सुनंदा मराठीत सांगत गेली. अशी बहुतेक मुलं वर्ष काढत नाहीत. रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलंय, पण निकालाला वेळ लागेल. तोवर मशीन चालू ठेवता येईल.

"बहुतेक म्हणजे?" गुंडोने विचारलं.

"एखादं वाचतं. पण मी आशा लावणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर जिन्यापाशी शिवलीलेने सुनंदाचा हात धरला. "अक्का, तुम्ही आमच्याकडच्या. तुमचं लेकरू असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

डॉक्टरांना विचार, असं म्हणून सुनंदाला हात सोडवून घेता आला असता. पण सुया टोचून काळेनिळे पडलेले ते इवले पाय तिने पाहिले होते, आणि तो कोरा कापही.

"मी मशीन काढायला सांगितलं असतं," ती म्हणाली. "जवळ घेतलं असतं. उगाच हाल कशाला?"

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोने मशीन काढायच्या कागदावर सही केली. नळी काढल्यावर रोशन थोडा वेळ आईच्या मांडीवर होता, मग गेला.

जनुकांचा निकाल त्यानंतर आला. डॉक्टरांनी तो सुनंदाला वाचून दाखवला. दोष आईकडून आलेला होता, आणि अत्यंत विरळ प्रकारचा. यात काही महिन्यांनी एन्झाइम आपोआप परत येतं. तेवढे महिने मशीनवर निभावले तर मूल पुढे चालतं, बोलतं, शाळेत जातं. सुरुवातीला मात्र हा आणि तो जीवघेणा, दोन्ही आजारांचे काप सारखेच कोरे दिसतात. सुनंदाचं मोजमाप बरोबर होतं. त्यावरून सगळ्यांनी जे ताडलं, ते चुकलं होतं.

"त्यांना सांगायला हवं, सर."

"काय सांगायचं? मूल गेलं. आता हे ऐकून ती बाई जगेल?"

"दोष आईकडून येतो. पुढच्या मुलालाही हेच झालं तर?"

डॉक्टरांनी निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. त्यांना बोलवा."

सुनंदाने एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. गुंडो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शिवलीला बसूनच होती.

"म्हणजे माझा रोशन वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता."

"त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग बोललासा कशाला?"

सुनंदाने हात पुढे केला, तसा शिवलीलेने पदर आवरून घेतला आणि ती दाराबाहेर पडली.

पुढे ते दोघं पीण्या सोडून गावी गेले. मधे बराच काळ गेला, आणि एका दुपारी बेळगावहून गुंडोचा फोन आला. मुलगी झाली होती. दुसऱ्या महिन्यात तीही लुळी पडली होती, मशीनवर होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

"त्यांना फोन दे," सुनंदा म्हणाली. तिने त्या डॉक्टरांना रोशनची सगळी हकिगत ऐकवली. "काही झालं तरी मशीन काढू नका," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. डॉ. शिवकुमारही त्यांच्याशी बोलले.

पोर मशीनवर कित्येक महिने राहिली. दोनदा छातीत कफ भरला, एकदा सगळ्यांनी आशा सोडली. मग हळूहळू तिने बोटं आवळली, मान धरली. मशीन सुटलं. ती घरी आल्यावर गुंडोने फोन करून तिचं रडणं ऐकवलं. खणखणीत रडत होती.

"शिवलीला आहे का जवळ?" सुनंदाने विचारलं.

"आहे की."

फोन हातातून हातात गेल्यासारखं वाटलं. पोरीचं रडणं जवळ आलं, मग लांब गेलं.

"ती नको म्हणते, अक्का," गुंडो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.