चार मिनिटांचा उशीर

"पुढचा सिग्नल, ठीक! दरवाजे, ठीक!"

नवऱ्याचा, कांजिरोचा, तो खणखणीत आवाज फुसाएच्या कानांतून अजून गेला नव्हता. पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून तो दिसेल त्याला 'ठीक' म्हणायचा; घरी भाताच्या कुकरलासुद्धा. तोचिनोसे स्टेशनचा तो शेवटचाच स्टेशनमास्तर. पुढे रेल्वेने इथली माणसं काढून घेतली, तीन वर्षांमागे कांजिरोही वारला. आता फलाट फुसाए झाडायची. बाकावरच्या छोट्या गाद्याही तिनेच शिवलेल्या.

अशा माणसाच्या हातून उभ्या नोकरीत एकदाच, एकतीस वर्षांमागे, गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. "डोळा लागला," एवढंच तो म्हणाला. बढती गेली. सकाळी सातला, उभ्या माणसाचा डोळा लागतो? फुसाएने तेव्हाच मनाशी ताडलं, यात कुणीतरी बाई आहे. त्या दिवशी डब्यात तिने संत्रं दिलं होतं. संध्याकाळी डब्यात सालसुद्धा नव्हती.

आणि तो गेल्यापासून खरोखरच एक बाई यायला लागली. दर वर्षी, गाडीला उशीर झाला त्याच तारखेला, सतरा नोव्हेंबरला.

"वहिनी, आली बघा तुमची पाहुणी," ओत्सुने नावाची शेजारीण कुंपणावरून म्हणाली. "यंदा कलप लावलाय हो! कुणासाठी, विचारा तरी."

"विचारतेच की." फुसाएने बाकावरची गादी उचलून काखेत मारली. बस म्हणावं थंडगार लाकडावर!

पन्नाशीची ती बाई गाडीतून उतरली. कांजिरो जिथे उभा राहायचा त्या खांबाशी तिने एक संत्रं ठेवलं, हात जोडले.

"माझे मालक काही खायला येणार नाहीत आता," फुसाए म्हणाली.

बाई दचकली. मग कमरेत वाकून तिने नमस्कार केला. "काकू, त्यांनी मला दिलं होतं एक."

फुसाएचा हात झाडूवर आवळला. "कधी? कशाबद्दल?"

"कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं त्यांनी."

"एकतीस वर्षं झाली, बाई. वचन राखताय, की काही झाकताय?"

बाई बाकावर टेकली.

"मी एकोणीस वर्षांची होते, काकू. त्या सकाळी गाडीत बसायला आलेच नव्हते. लांबून गाडी दिसली आणि मी फलाटाच्या कडेची पिवळी रेघ ओलांडली. त्यांनी मागून दंड धरला. इथं बसवलं, डब्यातलं संत्रं सोलून एकेक फोड हातावर ठेवत राहिले. गाडी येऊन उभी होती, पण सुटायची खूण काही त्यांनी केली नाही. म्हणाले, पोरी, घरी कळायला नको. मी सांगेन, डोळा लागला."

फुसाएने काखेतली गादी तिच्याकडे सरकवली.

"मग?"

"शेवटची फोड संपली तसे उठले. आधी माझ्याकडे बोट रोखलं. 'ठीक!' म्हणाले. त्यानंतर गाडीकडे."