मागं न जाणारी मोटार

संतरामच्या मोटारीला मागे जाता येत नव्हते. मागे नेणाऱ्या गिअरचे दात कधीचेच झिजून गेले होते आणि नवे आणण्याची घाई त्याने कधी केली नाही. गोरेगावच्या बाजारात मोटार वळवायची वेळ आली की तो भोंगा दाबायचा आणि माळणी, हमाल, शाळेतली पोरं, जे कोणी जवळ असेल ते येऊन ढकलून द्यायचे. "माझी मोटार म्होरं जायला शिकली, मागचं तिला ठाऊक न्हाई," असे तो वर ऐटीत सांगायचा. गोरेगाव-हिंगोली रस्त्यावर हे वाक्य न ऐकलेला उतारू सापडला नसता.

त्या संतरामला, लेकीसकट सगळ्यांच्या दादाला, जाऊन आता महिना होत आला होता, आणि त्याची मुलगी मंजुळा पुंजाजी धनगराच्या वाडीवर लिंबाखाली बसून परातीतल्या घासलेटात नट धूत होती.

मोटार मोडली ती या वाडीसमोरच. ओढ्याच्या चढाला मागून कडाड् असा आवाज झाला, इंजिन नुसते ओरडत राहिले आणि चाके जागची हलेनात. मागचा अ‍ॅक्सल तुटला होता. पुंजाजीने बैल जुंपून मोटार वाडीत ओढून आणली. संतराम हिंगोलीला गेला, कापसाच्या एका जिनिंगच्या मागे मरून पडलेल्या तसल्याच मोटारीचा अ‍ॅक्सल काढून बैलगाडीतून घेऊन आला, लिंबाखाली ठेवला, वर पोते टाकले. मग गोरेगावच्या घरी त्याने अंथरूण धरले ते धरलेच.

मंजुळा सासरहून, वसमतहून, धावत आली तेव्हा त्याच्या घशाखाली शेळीच्या दुधाशिवाय काही उतरत नव्हते. ते दूध रोज सकाळी पुंजाजीची बायको बनाबाई वाडीवरून पायी घेऊन यायची. उंबऱ्यात तांब्या ठेवायची, आजाऱ्याकडे एकदा बघायची आणि निघायची. मंजुळेने एकदा तिचा हात धरला, "मावशी, तुमचे उपकार..." एवढेच ती म्हणाली.

"गप बसा, बाई," बनाबाईने हात सोडवून घेतला. "तुमच्या दादाचा भोंगा वाजल्याबिगर आमच्या शेळ्या पान्हा सोडंनात. म्हून येऊन राहिले. लवकर उठवा त्यायला."

संतराम उठला नाही. शुद्धीत होता तोवर शेवटचे जे बोलला ते एवढेच, "अ‍ॅक्सल बदलायचा राहिला. चांगुणाला सबुद दिलाय." आपल्या वडिलांचे अखेरचे बोलणे अ‍ॅक्सलविषयी असावे याचे मंजुळेला वाईट वाटले नाही, निदान तसे ती सगळ्यांना सांगत होती.

चांगुणा ही पुंजाजीची लेक. लहानपणी शेळ्या सोडून मोटारीमागे पळायची. "पळू नको गं, तुझ्या लग्नात मीच पोचवीन तुला सासरी," असे संतराम तिला ओरडून सांगायचा. आता ते लग्न ठरले होते. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, तरी त्या दिवसासाठी एक डबा त्याने घरात कोनाड्यात जपून ठेवला होता. भाऊबंद म्हणाले, लोखंडाच्या भावात मोटार काढून टाक. मंजुळेने नकारार्थी मान हलवली, नवऱ्याकडे निरोप धाडला की लग्न लागल्यावर येते, आणि रामकिशनला बोलावून घेतले.

रामकिशन वीस वर्षे संतरामच्या शेजारी बसला होता. उतारू चढवायचा, मागे गाठोडी बांधायचा, पाणी भरायचा, वेळेला मोटारही चालवायचा. पण पान्याला हात लावायची परवानगी त्याला कधी मिळाली नव्हती. "बघून बघून सारं येतं, अक्का," तो म्हणाला, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरे कोणी नव्हते.

वाडीवरचे धनगर बाभळीचे ओंडके घालून मोटारीची पाठ उचलून धरत, पुंजाजी खाली दगड सरकवी. चाके निघाली, त्यांच्यावरच्या पोलादी कमानी सुटल्या, पण गंजलेले नट काही केल्या हलेनात. त्यांना घासलेट पाजण्यातच दिवस गेले. तुटलेला अ‍ॅक्सल खाली आला तेव्हा मंजुळेने त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मग दुसरा घेतला. त्याच्या मधल्या लोखंडी गोळ्यात जिनिंगची सगळी धूळ वंगणात मळून बसली होती. रामकिशनने गोळा उघडला, आतली मोठी दातेरी चक्री काढून दिली, मंजुळेने ती आरशासारखी केली आणि रामकिशनने ती परत बसवली. अ‍ॅक्सल त्या वेळी दगडांवर उलटा निजवलेला होता, हे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही.

शेवटचा नट आवळला तेव्हा वाडीवर अक्षता पडत होत्या.

ऊन कलायला लागले तशी पाठवणीची गडबड उडाली. मोटारीचे छत मागे पाडले होते, झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. मागे चांगुणा, तिच्या शेजारी बावरलेला नवरा आणि पोचवायला म्हणून मंजुळा. बनाबाई लेकीच्या गळ्यात पडून रडत होती, ते पाहून बाकीच्या बायका रडत होत्या. रामकिशनने हँडल मारले. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली.

रामकिशनने पहिला गिअर टाकला आणि मोटार डौलात मागे जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली.

रडणे जागच्या जागी थांबले. रामकिशनने दुसरा गिअर टाकून पाहिला. मोटार आणखी जोराने गंजीत शिरली.

"काहून रे, लेका?" पुंजाजी कडबा झटकत म्हणाला.

रामकिशनचा चेहरा पडला. "चक्री उलट्या अंगाला बसली, मामा. म्होरं जायचे सारे गिअर मागं नेऊन राहिले. अन् मागं जायचा तर हिला हायेच न्हाई!"

"मग उघड की."

"उघडायला उद्याचा दिवस लागल."

वऱ्हाडात कुजबूज झाली. नवऱ्याचा चुलता पुढे आला. "असं उलटं वऱ्हाड आमच्या गावात न्यायचं व्हय? लोक काय म्हनतील? नवरी पाठीकडून आली? उतर पोरी, बैलगाडी जुंपतो."

मंजुळा उतरायला निघाली. परातीतले नट, घासलेट, कोनाड्यातला डबा सगळे वाया गेले होते, आणि वडिलांचा शब्द इथेच, या गंजीत राहणार होता. "चूक माझी आहे," ती पुंजाजीला म्हणाली. "दादा असते तर..."

चांगुणाने तिचा पदर धरून ठेवला होता. तिने डोळे पुसले आणि घुंगट जरा वर करून चुलत सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, मी काई उतरत न्हाई. दादांनी सबुद दिल्ता मोटारीत न्यायचा. तोंड कुठं करून न्यायचं, ते कुठं ठरलं व्हतं? पोचले की खाली उतरून तोंड दाखवीन."

नवऱ्याला हसू आवरले नाही. मग पुंजाजीला. मग सगळी वाडीच हसायला लागली, आणि चुलत्याने पागोटे सावरत, "चला तर मग, अंधार करू नका," असे म्हणून आपण होऊन मोटारीला खांदा लावला. सगळ्यांनी मिळून मोटार ढकलत फिरवली. आता तिची पाठ सासरच्या रस्त्याकडे होती आणि तोंड वाडीकडे.

रामकिशन मान मुरगळून, मागच्यांच्या डोक्यांवरून रस्ता बघत, माणसाच्या चालीने मोटार हाकू लागला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले की बनाबाई समोरच आहे. ती मोटारीच्या दिव्याला हात लावून चालत होती आणि लेक तिच्याकडे बघत होती.

"भाकरी जाड थापू नको गं!"

"न्हाई थापत."

"सासूच्या अगुदर उठत जा."

"व्हय, माय. तू पाय बघून चाल, ठेचकाळशील."

ओढ्यापाशी बनाबाई थांबली. मोटार दूर जात राहिली, बनाबाई लहान होत गेली, पण दिसत राहिली. चांगुणाने हात वर केला तो वळण येईपर्यंत खाली घेतला नाही.

मंजुळेला आपली पाठवणी आठवली. हीच मोटार, पुढे दादा. गावाबाहेर पडल्यावर तिने मागे वळून पाहिले तर धूळच धूळ. "दादा, एकदा मागं घ्या ना," ती म्हणाली होती. "मोटार मागं जात न्हाई, बाई," एवढेच दादा म्हणाले होते, आणि मानही वळवली नव्हती. ते वाक्य तिने वसमतला इतकी वर्षे मनात ठेवले होते.

रामकिशनचे तोंड तिच्याकडेच होते. त्याने काय पाहिले कोण जाणे, रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "अक्का, दादांनी मला पहिल्यांदा चाक कधी धरू दिलं, ठाऊक हाय का? तुमाला वसमतला सोडून येताना. म्हनले, डोळ्यात धूळ गेली, तू चालव. मला काई यीना, दोनदा खड्ड्यात घातली. तरी त्यायची धूळ काई निघंना, बराबर हिंगोलीपतुर."

मंजुळेने चांगुणाचा पदर नीट केला.

परतताना मोटार पुन्हा ढकलून फिरवली आणि पुन्हा उलटीच निघाली. मागे आता मंजुळा एकटी होती. सासरच्या वेशीत चांगुणा, तोंड दाखवायला म्हणून उतरलेली, अजून तिथेच उभी होती आणि वळणापर्यंत दिसत राहिली.

ओढा उतरताना रामकिशनचे दोन्ही हात चाकात गुंतले होते. मंजुळेने पुढे वाकून भोंग्याचा रबरी गोळा दाबला. एकदा, मग आणखी एकदा. वाडीवरच्या शेळ्या एकदम ओरडू लागल्या.

ओढ्याच्या काठावर बनाबाई तांब्या घेऊन उभी होती. मंजुळेने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच, रस्त्यात उभ्याने, दूध पिऊन टाकले. या खेपेला बनाबाईला गप बसा म्हणावे लागले नाही.