पडवीच्या भिंतीला शेवटचा हात

भागोजीतात्यांच्या पडवीची भिंत चिमाकाकीच्या म्हशीनं खाल्ली.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. म्हैस भिंत खात नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि म्हशीलाही माहीत असावं. खेडच्या कचेरीतून कुणी चौकशीला आलंच, तर आमची अख्खी वाडी एका सुरात सांगेल, की त्या दिवशी भिंत जागेवर होती, म्हैस दाव्याला होती आणि आम्ही सगळे शेतावर होतो. तेव्हा आपण नीट पहिल्यापासून, म्हणजे भांडणापासून सुरुवात करू.

श्रावणातली सकाळ. घटकेत ऊन, घटकेत सर. तात्यांचा मुलगा सुहास खळ्यात लेंगा वर खोचून लाल माती तुडवत होता. मी त्याचा चुलतभाऊ. पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं, कारण दुसरं कुठलंही काम माझ्याकडे दिलं की ते वाढतं. तात्या शेतावरून आले, खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं आणि चिखलाकडे बघत राहिले.

"लावनी आटपून किती दीस झालं. आता कसला चिखल करतोस रं?"

"भितीला लावायला, बाबा."

"कंच्या भितीला?"

"पडवीच्या."

तात्यांनी पडवीच्या भिंतीकडे पाहिलं. सिमेंटची, गुळगुळीत. तात्यांच्या आयुष्यात गुळगुळीत अशी तेवढी एकच गोष्ट होती.

"मेल्या, मातीची भित घालवून शिमिटाची करायला माजी हाडा झिजली. तुजा आजा मातीत जगला, मातीत मेला. आनि तू शिमिटावर परत माती थापतोस?"

"मुंबयत लोकांना आता हाच पायजे, बाबा. मड फिनिश म्हनतात. नवी भित जुनी दिसली पायजे."

"मंग वायच दम धर की! काय केला नाय तर आपसूक जुनी दिसल."

सुहास माती तुडवत राहिला. तो मुंबईत टेक्श्चरचं काम करायचा. भिंतीवर ओला लेप द्यायचा आणि तो सुकायच्या आत त्यावर काहीतरी करायचं, असा तो धंदा. कंगव्यानं ओढलं की लाटा होतात, स्पंजानं टिपलं की ढग, प्लास्टिकची पिशवी चुरगळून दाबली की संगमरवर. परक्यांच्या घरात त्यानं समुद्र आणि आभाळ करून ठेवलं होतं आणि स्वतः चौघांत एका खोलीत झोपत होता. त्याची बायको नम्रता इथं गावात अंगणवाडीत. नवरा-बायकोची गाठ पडायची शिमग्याला आणि गणपतीला, म्हणजे वर्षातून एकदा पालखीत घरी येणाऱ्या ग्रामदेवतेपेक्षा थोडी जास्त.

ह्या वेळी मात्र तो श्रावणातच आला होता, कारण संधी होती. आमच्याच वाडीतला संदेश मुंबईत चांगलं बस्तान बसवून होता आणि वरच्या कातळावर पाहुण्यांसाठी दुमजली घर बांधत होता. त्याला सगळ्या खोल्या मातीच्या दिसायला हव्या होत्या. गणपतीला आला, की तो सुहासचा नमुना बघणार होता. पसंत पडला तर घराचं सगळं काम सुहासचं, पुढं त्याच्या मित्रांच्या घरांचं. मग मुंबईला जायची गरज नाही. नापसंत पडला तर विसर्जनानंतर इतर चाकरमान्यांबरोबर एसटीत बसायचं.

नम्रतानं एवढंच सांगितलं होतं, "भित नीट करा. नायतर तुमी जाल आनि मी ह्या भितीशीच बोलत बसन. ती तरी ऐकून घेते."

तर मिश्रण. बांधावरची लाल माती, चाळून. शेण चिमाकाकीच्या मैना म्हशीचं, ताजं. चिकटपणासाठी गुळाचं पाणी. मी म्हटलं, वायच चुना टाकूया, माती धरेल. सुहास म्हणाला, नको, संदेशला सगळं नॅचरल पाहिजे. हा चुना टाकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही आपापल्या कामाला गेला असता.

आता राहिला तूस. मातीला भेगा पडू नयेत म्हणून भाताचा तूस घालावा लागतो, आणि पावसात गिरणीवरचा तूस भिजून काळा पडलेला. तेव्हा चिमाकाकी मधल्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाली, "माज्याकडं पोचट दान्यांचा पोता हाय. गेल्या झोडनीचा. ने जा. पन कोंबड्यांस वायच ठेव हां."

काकीचं वारवणं म्हणजे वाडीतला जुना वादाचा विषय. सूप धरून वाऱ्यावर भात सोडताना ती मुद्दाम हात सैल ठेवते आणि पोचट दाण्यांबरोबर थोडे चांगले दाणेही उडू देते. तो कोंबड्यांचा वाटा. काकीच्या सासूनं ठेवला, म्हणून काकी ठेवते. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. पोतं उचलताना मात्र कुणालाच आठवलं नाही, कारण त्या वेळी आम्ही शेतकरी नव्हतो. आम्ही टेक्श्चरवाले होतो.

मिश्रण मुरवावं लागतं. सुहासनं ते ओल्या गोणपाटात गुंडाळलं, वर धोंडे ठेवले आणि ऊब राहावी म्हणून न्हाणीच्या चुलीजवळ सरकवलं. दर सांजेला कोमट पाणी शिंपडलं. तात्या येता-जाता बघत होते. जन्मभर त्यांनी बियाण्याला मोड असेच आणले, ह्याच चुलीजवळ, ह्याच धोंड्यांखाली. पण तेही काही बोलले नाहीत. मुलाशी अबोला धरला होता ना.

मग लेप चढला. सुहासनं थापीनं तो लावला, नारळाच्या सोडणानं ओढला, वर गुळाच्या पाण्याचा हात दिला. भिंत खरंच सुंदर दिसत होती. चिमाकाकी येऊन बघून गेली.

"कशी हाय, काकी?"

"आमच्या गोठ्याची अशीच हाय. तिला मी काय म्हनत नाय, गोठा म्हनते."

त्याच दिवशी झड लागली. छपरावरचे नळे धो धो वाहू लागले, वाऱ्यानं पाऊस पडवीत आडवा येऊ लागला. सुहासनं भिंतीवर निळी ताडपत्री टांगली, खाली चिरे ठेवून दाबली, आणि संदेश यायच्या दिवसापर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

संदेश यायच्या सकाळी ऊन पडलं. आम्ही ताडपत्री काढली.

भिंत हिरवी होती.

थोडीथोडकी नाही. वरपासून खालपर्यंत, टोकं बाहेर काढून, दाट, वितीएवढी कोवळी रोपं उजेडाकडे मान वळवून उभी. वाऱ्याची झुळूक आली तशी भिंत हलली.

 मग तात्या जवळ गेले, एक रोप दोन बोटांत धरून बघितलं आणि इतक्या दिवसांचा अबोला सोडला.

"बियाना कंचा?"

"जया," चिमाकाकी गडग्यावरून म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "कोंबड्यांचा वाटा व्हता तो, भावजी."

"इतका घन तरवा मना जन्मात शेतात नाय आला," तात्या म्हणाले. त्यात राग नव्हता. थोडी असूया होती.

सुहास खाली पायरीवर बसला. "खलास. गेला सगळा."

नम्रता अंगणवाडीत जायला निघाली होती, ती पदर खोचून परत फिरली. "बसून काय व्हनार? उपटू या. चला."

तिनं एक मूठ धरून ओढली. रोपं आली, मुळं आली आणि मुळांबरोबर पोळपाटाएवढा भिंतीचा तुकडा आला. आत तात्यांचं सिमेंट दिसलं. नम्रतानं तो तुकडा परत होता तिथं दाबून ठेवला आणि हात पदराला पुसला.

तेवढ्यात खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

"ताडपत्री!" सुहास ओरडला.

ताडपत्री टांगून होते न होते तोच संदेश बायकोला, दर्शनाला, घेऊन खळ्यात आला. पांढरे बूट. चिखल बघून तो बुटांकडे बघू लागला.

"काय तात्या, बरे आहात ना? कुठंय आमची भिंत?"

"आधी चाय घ्या," तात्या म्हणाले.

"भिंत बघू, मग चहा."

"चाय निवल. भित काय निवत नाय."

दोघं खळ्यातल्या बाकावर बसले. तात्यांनी त्यांना आपल्या दाढेची हकीकत सांगायला घेतली. ती दाढ चिपळूणला कशी काढली इथपासून ती आता कुठं ठेवली आहे इथपर्यंत. मी तात्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मुलाच्या तोंडावर त्यांनी कधी चांगला शब्द काढला नसेल, पण त्या सकाळी ते त्याच्यासाठी तोंड उघडून आतली खाच दाखवत होते. दर्शनानं कप खाली ठेवला.

एवढ्यात ताडपत्री हलली.

वाऱ्यानं हलली असती तर सगळी हलली असती. ही एका जागी फुगत होती, सरकत होती, पुन्हा फुगत होती. आतून ओलसर, खरखरीत, सावकाश असा आवाज येत होता. मी चिमाकाकीच्या गोठ्याकडे पाहिलं. दाव्याला मैना नव्हती.

"आत कोण काम करतंय का?" संदेशनं विचारलं.

तात्यांनी मागं वळून बघितलं, मग सुहासकडे बघितलं. "व्हय," ते शांतपणे म्हणाले. "शेवटचा हात चाललाय."

"मग बघूच की!" संदेश उठला, दोन ढांगांत पडवीत गेला आणि ताडपत्री बाजूला केली.

मैना शेपटी हलवत उभी होती. हिरवं सगळं संपलं होतं. रोपं तिनं मुळाशी खुडून खाल्ली होती आणि आता ती गुळाच्या मागं लागली होती. जीभ खालून वर, डावीकडून उजवीकडे, डोळे मिटून. स्वतःच्याच शेणाची भिंत चाटताना तिला काय वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही.

सुहासनं डोळे मिटले. नम्रतानं त्याच्या शर्टाची बाही धरली. एसटी सुटायच्या आधी धरतात तशी.

 संदेशनं म्हशीच्या मानेपलीकडून हात लांबवला आणि तळवा भिंतीवरून फिरवला. मीही तेव्हाच नीट बघितलं. ओल्या मातीवर लांब, वळलेले, एकावर एक चढलेले फटकारे उमटले होते. प्रत्येक फटकाऱ्यात केसासारख्या बारीक रेषा, मध्ये मध्ये खुडलेल्या देठांचे ठिपके, आणि वर गुळाची हलकी चकाकी. कंगव्यानं हे होत नाही. स्पंजानंही नाही.

"दर्शना," संदेश हळू आवाजात म्हणाला, "हे बघ."

दर्शनानं बघितलं. "अय्या! हे आपण त्या हॉटेलात बघितलं त्याहून भारी आहे."

"सुहास, हँड फिनिश आहे काय रे?"

इथं खोटं बोलायला काही हरकत नव्हती. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण सुहास कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. म्हणूनच मुंबईत त्याची प्रगती झाली नाही.

"नाय," तो म्हणाला. "हाताचा नाय. जिभेचा हाय. भितीवर भात उगवला व्हता, तो हिनं खाल्लान आनि वर चाटलान."

संदेशनं भिंतीकडे बघितलं, मैनेकडे बघितलं. मैनेनं त्याच्या पांढऱ्या बुटाकडे बघितलं.

"म्हणजे दुसऱ्या कुणाकडे हे मिळणार नाही?"

"म्हस लागंल."

"मग सगळ्या खोल्यांना हेच. वरचा मजला धरून."

"वरचा?"

"वरचा तर मेन आहे."

तात्या खळ्यातून ओरडले, "चाय निवली!"

विसर्जन झालं, चाकरमान्यांची एसटी भरली, आणि नम्रता फाट्यावर कुणालाही पोचवायला गेली नाही. सुहास घरीच होता. दुसऱ्या सकाळपासून कातळावर काम सुरू झालं. आधी माती, मग मोड आलेला भात, मग गूळ, मग मैना. ती मनाची राणी आहे. पोट भरलेलं असलं तर काम करत नाही, पाऊस आला तर मध्येच निघून जाते. सुहास म्हणतो, मुंबईतले मोठे कारागीर असेच असतात. तात्या रोज वर जातात, भिंतीला हात लावतात, "मातीच ती," म्हणतात आणि सांज होईतो तिथंच बसून राहतात.

तक्रार एकट्या चिमाकाकीची. खालच्या वाडीतली हौसा बांधकामावर घमेली उचलते. तिची खेडच्या सरकारी कचेरीत कामगार म्हणून नोंदणी झाली आणि तिला भांड्यांचा चकचकीत संच मिळाला. तो तिनं काकीला मुद्दाम बोलावून दाखवला.

"हौशी घमेली उचलते तर तिला टोप नि कुकर," काकी मला म्हणाली, "आनि माजी मैना सबंध भित करते ती फुकट? तू शिकलेला ना? लिव!"

मी लिहिलं. खाली देतो आहे.

"प्रति, मा. अधिकारी साहेब, बांधकाम कामगार नोंदणी.

विषय: कु. मैना (म्हैस) हिची कुशल कामगार म्हणून नोंदणी करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, सदर कामगार ही मौजे कातळवाडी येथील दुमजली इमारतीचे भिंतकाम स्वतःच्या जिभेने करीत असून, तिच्या कामाबद्दल मालकाची कोणतीही तक्रार नाही. तरी तिला भांड्यांचा संच, तसेच शिंगांना भोके असलेले हेल्मेट मंजूर व्हावे. वरच्या मजल्यावर कामास जाणेकरिता तिला जिना चढता येत नसल्याने शासकीय खर्चाने उतरण बांधून मिळावी. अर्जदारास बोटे नसल्याने अंगठ्याचा ठसा देता येत नाही. त्याऐवजी जिभेचा ठसा मातीच्या ढेकळावर घेऊन सोबत जोडला आहे, तो ग्राह्य धरण्यात यावा आणि पडताळणी झाल्यावर ढेकूळ कृपया परत करावे, कारण ते दर्शनी भिंतीत बसवायचे आहे."