आपल्या पायांनी आलेला

मागच्या खोलीच्या भिंतीवर, नळाच्या वर, साऊआजीनं लाल रंगानं चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. पाणी वाया घालवू नये. भिंतीला खिळा मारू नये. रात्री पाहुणा ठेवू नये. कुत्रं-मांजर पाळू नये.

क्वेन पहिलीत असताना याच ओळींवर वाचायला शिकली. रोज संध्याकाळी ती त्या आईला मोठ्यानं वाचून दाखवी आणि चौथ्या ओळीशी आली की तिचा आवाज आपोआप बारीक होई. आता ती चौथीत गेली होती. ओळी पाठ झाल्या होत्या, पण चौथी ओळ अजून घशाखाली उतरत नव्हती.

सा-देक गावात, कालव्याच्या काठी, साऊआजीच्या घराच्या मागची ही खोली थोआनं भाड्यानं घेतली होती. थोआ क्वेनची आई. ती तांदळाच्या शेवयांच्या कारखान्यात कामाला होती. पहाटे जाऊन दुपारी यायची, दोन घास खाऊन आडवी व्हायची आणि दिवेलागणीला पुन्हा जायची. क्वेनचा बाप दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहराकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. संध्याकाळी आई गेली की क्वेन आतून कडी लावून बसे आणि छतावरच्या पालीशी बोले. पाल चुकचुकली की तिला वाटे, उत्तर आलं.

"आई, एक कुत्रं असतं ना, तर मी दार उघडं ठेवून अभ्यास केला असता."

"घर आपलं नाही, बाळ."

"मग आपलं कुठलं आहे?"

थोआनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि ते घासण्याजोगं नसतानाही घासायला घेतलं.

शाळेच्या राखणदाराला सगळे तामकाका म्हणत. त्याच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. तीन लोकांनी नेली. चौथं पांढुरकं, अंगभर बारीक काळे ठिपके असलेलं, भाकरीवर तीळ लावावेत तसं दिसायचं. क्वेननं त्याचं नाव ठेवलं तिळ्या. मधल्या सुट्टीत ती डब्यातली भाताची खरवड त्याच्यासाठी राखून ठेवायची. तिळ्या ती कुरकुर आवाज करत खायचा आणि मग तिच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायचा.

"हे तुझंच," तामकाका म्हणाला. "पण ने लवकर. मुख्याध्यापक रोज विचारतात, शाळा आहे की कोंडवाडा म्हणून."

कसं नेणार? भिंतीवर लाल ओळ होती.

एके दिवशी दुपारी साऊआजीच्या अंगणात कुणाचंसं मांजर शिरलं. साऊआजी सत्तरीची, पण हातात केरसुणी आली की चाळिशीची व्हायची. मांजराला कालव्यापर्यंत पिटाळत ती ओरडत होती, "मांजर आलं दारी, दळिद्र आलं घरी! चल, नीघ! दळिद्र दे जा त्या पलीकडच्या शेजारणीला!"

क्वेननं रात्री आईला विचारलं, "ही म्हण एवढीच आहे का गं?"

"छे. पुढं आहे ना. मांजर आलं दारी, दळिद्र आलं घरी. कुत्रं आलं दारी, बरकत आली घरी. म्हातारीला पहिलाच अर्धा उपयोगी पडतो, म्हणून तेवढाच म्हणते." थोआ हसली. पण क्वेन हसली नाही. ती उठून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तिळ्याची शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी खरवडीचा तुकडा फाटकाबाहेर, आंब्याखाली. दोन दिवसांनी न्हाव्याच्या दुकानापाशी. मग सिमेंटच्या पुलाच्या अलीकडे, मग पलीकडे. तुकडा ठेवायचा आणि आपण आड लपायचं, म्हणजे त्यानं नाकानं शोधत यावं. पुलावर तिळ्या तीन दिवस अडला. खालचं पाणी बघून मागं सरायचा. क्वेन घाई करत नसे. जिथं अडला तिथून दोन पावलं मागं येऊन ती पुन्हा सुरुवात करी.

तामकाका कमरेवर हात ठेवून बघायचा. "अगं पोरी, उचल आणि ने की घरी! एवढी शाळा तर तुझ्या बाई तुमचीसुद्धा घेत नाहीत."

"उचलून नेलं तर ते आणलेलं होतं, काका. त्यानं यायला हवं."

"हां! म्हणजे वरातीशिवाय नवरदेव." तामकाकानं मान हलवली. "बरं बाई. पौर्णिमेला सकाळी मी त्याला उपाशी ठेवतो. माझ्याकडून हा आहेर."

पौर्णिमेला साऊआजी सकाळी फाटक सताड उघडून अंगणातल्या आकाशदेवाच्या खांबापुढे फुलं, केळी आणि उदबत्ती ठेवायची. त्या दिवशीही ती डोळे मिटून उभी होती. क्वेन मागच्या बोळाच्या तोंडाशी श्वास धरून उभी. पुलावरून ठिपके दिसले. थांबले. पाण्याकडे बघितलं आणि चालू लागले. तिळ्या फाटकातून आत आला, साऊआजीच्या पायाशी बसला आणि जांभई दिली.

साऊआजीनं डोळे उघडले. केरसुणी भिंतीला टेकून होती, पण हात तिकडे गेला नाही.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "पौर्णिमेला! आपल्या पायांनी!"

"आजी!" क्वेन धावत पुढे आली. इतके दिवस पाठ केलेलं वाक्य तिनं घाईघाईनं म्हटलं, "आजी, कुत्रं आलं दारी, बरकत आली घरी. हा आमच्याकडे आलाय."

साऊआजीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. रागानं नव्हे. एखादं शहाणं मूल सोप्या गणितात चुकावं तसं.

"तुमच्याकडे? फाटक कुणाचं आहे, राजा?"

"तुमचं."

"अंगण?"

"तुमचं."

"मग कुत्रं कुणाकडे आलं?"

क्वेनला गणितात नेहमी दहापैकी दहा मिळत. या गणिताचं उत्तर तिला येत होतं, आणि ते तिला तोंडातून काढता येईना. तिनं सगळा विचार केला होता. खरवडीचा, पुलाचा, पौर्णिमेचा. म्हणीत 'घर' होतं, तिथं राहणारं माणूस नव्हतं, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

साऊआजीनं त्याच दिवशी त्याच्या गळ्यात लाल फीत बांधली आणि नाव ठेवलं फात, म्हणजे भरभराट. आलेली बरकत परत जाऊ नये म्हणून त्याला पुढच्या फाटकाशी साखळीनं बांधलं. भिंतीवरची चौथी ओळ तशीच राहिली. ती भाडेकरूंसाठी होती, घरासाठी नव्हती.

पहिले काही दिवस क्वेननं मनाची समजूत घातली. एका अंगणात तर आहे. शाळेतून येताना ती बोळ सोडून मुद्दाम फाटकावरून यायची. तिळ्या साखळी ताणून दोन पायांवर उभा राहायचा, गळ्यातून घरघर आवाज येईपर्यंत ओढायचा. साऊआजी ओट्यावरून हाक मारायची, "फात! ए फात!" तो वळून बघायचासुद्धा नाही.

"अजून मन रमत नाही याचं," साऊआजी म्हणायची. "ओढ थांबली की साखळी काढीन. आताच सोडला तर जाईल कुठंतरी, आणि आलेलं सगळं घेऊन जाईल."

संध्याकाळी कडी लावून बसलं की साखळी फरशीवर घासल्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत यायचा. पाल चुकचुकायची. क्वेन आता तिला उत्तर देत नसे.

दोन महिन्यांनी बरकत खरोखरच आली. साऊआजीचा धाकटा मुलगा खिएम सात वर्षं शहरात होता, सणालासुद्धा धड येत नसे. त्याचा फोन आला. बायकोला दिवस गेलेत, आम्ही कायमचे घरी येतो, मूल तिथंच होऊ दे. साऊआजी अंगणात उभी राहून आधी रडली, मग फातला सबंध तळलेला मासा घातला.

त्याच संध्याकाळी ती मागच्या खोलीशी आली. हातात संत्र्यांची पिशवी होती. उंबऱ्यापाशीच थांबली.

"थोआ, बाई, जीभ उचलत नाही गं माझी. पण पोरगं येतंय. बायको पोटुशी. त्यांना खोली लागणार."

"खरंय, मावशी," थोआ म्हणाली. "केव्हा?"

"महिनाभर राहा की. मी काय उद्या थोडंच काढतेय?"

साऊआजी गेली. थोआनं एक संत्रं सोललं, फोडी सुट्या केल्या आणि एकही खाल्ली नाही. कारखान्याच्या मागं कामगारांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक रिकामी होती. एवढंच ती बोलली.

"मी आजीला खरं सांगते," क्वेन म्हणाली. "तो आपल्या पायांनी आलाच नव्हता. मीच आणला. खरवड टाकून. मग बरकत-बिरकत काही नाही, मग तो माझा."

थोआला हे नवीन होतं. ती लेकीकडे बघत राहिली. एकेका रात्री भांड्याच्या तळाला खरवड का उरत नव्हती, हे तिला आता कळलं.

"सांग," ती शेवटी म्हणाली. "मग म्हातारी त्याला ठेवील?"

"नाही."

"आणि आपण त्याला नेणार कुठं? कारखान्याच्या आवारात बांबूच्या तट्ट्यांवर शेवया वाळत घालतात. जमिनीपासून हातभर वर. तिथं कुत्रं शिरलं तर मालक कुत्र्याला आधी काढील आणि मला मग."

बाहेर साखळी घासत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती ओट्यावर गेली. हातात खरवडीची पुडी होती.

"आजी, ही तुम्ही द्या त्याला. तुमच्या हातानं. पण आधी नाव घ्या. वळला तरच द्यायची."

"तूच दे की. तुझ्या हातची खातो तो."

"माझ्या हातची नको."

साऊआजीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुडी घेतली. "फात!"

तिळ्या क्वेनकडेच बघत होता. क्वेननं पाठ फिरवली आणि कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली.

"फात!"

बराच वेळ गेला. मग मागून कुरकुर आवाज आला.

असे एकोणीस दिवस गेले. क्वेन आधी अंगणात पाठ फिरवून उभी राही, मग बोळाच्या तोंडाशी, मग पुलाशी. तिळ्या जिथं अडला, तिथून दोन पावलं मागं येऊन ती पुन्हा सुरुवात करी. साऊआजी कंटाळली की म्हणे, "पुरे गं आता, मास्तरीणबाई! माझा घसा बसला." क्वेन म्हणे, "आणखी एकदा, आजी." सोळाव्या दिवशी क्वेन पूल ओलांडून गेली तरी साखळी वाजली नाही. अठराव्या दिवशी साऊआजीनं साखळी काढली आणि खुंटीला अडकवून ठेवली.

निघायच्या सकाळी तामकाका कुणाचीतरी तीनचाकी गाडी मागून घेऊन आला. दोन चटया, चूल, भांडी, कपड्यांचं बोचकं. सामान चढवायला वेळ लागला नाही. साऊआजीनं थोआच्या हातात केळ्यांची फणी दिली. क्वेनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो लगेच काढून घेतला.

गाडी हलली. क्वेन मागं, बोचक्यावर बसली होती, तोंड घराकडे. तिळ्या आधी उभा राहिला. मग चालू लागला. मग धावू लागला. पुलापर्यंत आला आणि पुलावर चढला. खालच्या पाण्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"अगं, येतोय की तो!" तामकाकानं गाडी हळू केली. "बोलव ना!"

क्वेनचा हात खिशात होता. मुठीत सकाळची खरवड होती, सवयीनं घेतलेली. मूठ उघडायचा अवकाश होता.

"नको, काका," ती म्हणाली. "तिथं शेवया वाळत घालतात."

फाटकातून साऊआजीची हाक आली. घसा बसलेलाच होता, आवाज चिरकला. "फात! फाऽत!"

पुलाच्या मध्यावर तो थांबला. कान हलले. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग मागं पाहिलं. क्वेननं पाठ फिरवली. एकोणीस दिवस फिरवली होती तशीच. मोजून दहा आकडे म्हटले आणि मग वळून बघितलं. पूल रिकामा होता.

"हुशार आहे हो पिल्लू," तामकाका म्हणाला.

नव्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर काही लिहिलेलंही नव्हतं, तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं. थोआ दिवेलागणीला कामावर गेली. क्वेननं कडी लावली आणि छताकडे पाहिलं. इथं पाल होती की नव्हती, अंधारात दिसत नव्हतं.

थोआ परत आली तेव्हा पोर झोपली होती, बाहेरचे कपडे न बदलताच. चटईच्या कडेनं मुंग्यांची एक बारीक रांग चढून क्वेनच्या खिशात जात होती. थोआनं खिशात हात घातला. भुगा झालेली खरवड हाताला लागली. तिनं एकेक मुंगी झटकली, खिसा उलटा करून झाडला, आणि भुगा टाकायला दार उघडलं. आवारात रिकाम्या तट्ट्या ओळीनं उभ्या होत्या. ती भुगा मुठीत धरून तशीच उभी राहिली. इथं तो टाकावा अशी जागा तिला दिसेना.