रिकाम्या नव्हत्या त्या कुंड्या

नगरपालिकेच्या साहेबांनो, तुम्ही अल्विनच्या कुंड्या कचऱ्यात फेकल्यात. तो खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता, आणि ऐन उन्हाळ्यात, भर ऑगस्टात, तुमचा माणूस आला, तुमच्याकडून भाड्याने घेतलेल्या त्याच्या मळ्यावरच्या काचघरात डोकावला, 'पडीक' म्हणून शेरा मारून गेला. पुढच्या आठवड्यात तुमची गाडी हजर. मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडण्यात आयुष्य काढलंय. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा असंच ऐकून घ्या.

तुम्हाला काय दिसलं? कोरडी ठणठणीत माती आणि फळीखाली आडव्या केलेल्या कुंड्या. अहो, त्या मातीत फुलझाडांचे कंद होते, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात जमीन भाजून निघते. म्हणून ते उन्हाळाभर झोपतात आणि थंडी पडू लागली की उठतात. मे संपता संपता अल्विन पाणी तोडायचा, कुंड्या आडव्या करायचा आणि म्हणायचा, "चला, निजली सगळी." आमच्या मळ्यांवर हे कुणालाही विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.

मी पोचले तेव्हा तुमची माणसं चहाला गेली होती. फाटकाशी कचऱ्याची लोखंडी पेटी भरून उभी होती.

"रॉनी, चाळण आण!" मी ओरडले.

"कसली चाळण?"

"बटाट्याची, कसलीही! अल्विनचे कंद आहेत ह्यात."

रॉनी सग्डन हा आमच्याकडचा लीकच्या, म्हणजे त्या जाड दांड्याच्या पातीच्या कांद्याच्या, प्रदर्शनांतला पैलवान. ज्याचं सूप होत नाही ते पीकच नव्हे, असं त्याचं मत. दर उन्हाळ्यात अल्विनच्या दारात उभा राहून विचारायचा, "काय रे, माती कशी आलीय यंदा?" पण त्या दिवशी हाच माणूस गुडघ्यांचं दुखणं विसरून पेटीत उतरला. आजूबाजूच्या मळ्यांवरची माणसं धावली. माती चाळली तसे कंद वर राहिले, गोटीएवढे, कागदासारखं साल असलेले. नावांच्या पट्ट्या मात्र कुठल्या कुठे गेल्या होत्या.

रॉनी झारी भरून घेऊन आला.

"खबरदार!" मी म्हटलं. "आत्ता थेंब पडला तर सगळे कुजतील."

"इतके सुकलेत, आणि पाणी नाही? मर्टल, तुझ्या घरी जेवायला यायचं नाही कुणी."

दवाखान्यात जाऊन मी अल्विनला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "नेस्टाचा?"

नेस्टा त्याची बायको. तिने जाण्याआधी बी पेरून एक कंद वाढवला होता. नाताळच्या सुमाराला त्याला मोरपंखी फुलं यायची. तसला दुसरा त्याच्याकडे नव्हता.

"सगळे मिसळलेत रे," मी म्हटलं. "आहे की नाही, फुलल्याशिवाय कळायचं नाही."

तो भिंतीकडे वळून पडून राहिला.

सप्टेंबरात माझ्या काचघरात आम्ही कंद लावले. कुंड्या पुरल्या नाहीत, म्हणून बिस्किटांच्या डब्यांना भोकं पाडली. मग पहिलं पाणी दिलं. पानं आली, काहींवर जांभळे ठिपके. त्यांना ऊब नको असते, फक्त गोठायला नको. दिवसा दार उघडायचं, ऊन उतरलं की लावायचं. मला जमलं नाही त्या दिवशी कुणी ना कुणी येऊन दार लावून गेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात पाइपातलं पाणी गोठलं. रॉनी आपली रॉकेलची शेगडी पोटाशी धरून आला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो प्रदर्शनाच्या कांद्यांचं बी पेरतो, त्या रोपांसाठी जपलेली शेगडी.

"आणि तुझे कांदे?"

"बायकोच्या स्वयंपाकघरात पेरीन. ऐकल्यापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. किती शांत वाटतंय म्हणून सांगू!"

जानेवारी सरता सरता अल्विन चाकांच्या वॉकरला धरून आला. एकेक डबा बघत पुढे सरकत होता. शेवटच्या फळीवर रॉनीने लावलेला डबा होता, बाजूवर कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र असलेला. त्यात बोटभर दांडा वर आला होता आणि त्याला मोरपंखी फुलं लागली होती.

अल्विनने टोपी काढली. मग म्हणाला, "हा कुणी लावला?"

"मी," रॉनी म्हणाला. "लीक लावतो तसा. चांगला खोल."

"तरीच ह्याला उशीर झाला, गाढवा."

"आभार मानायची ही रीत झाली होय?"

"हो," अल्विन म्हणाला आणि त्याने रॉनीचा हात धरला. सोडलाच नाही. "मर्टल, अगं, कुणाकुणाचे आभार मानू मी?"

"दार लाव आधी. थंडी आत येतेय."

मी मात्र मानते. चाळणीवर वाकलेल्या प्रत्येकाचे. न सांगता दार लावून गेलेल्यांचे. रॉनीच्या बायकोचे, कारण स्वयंपाकघर तिचं गेलं. आणि खरं सांगते, तुमच्या माणसांच्या चहाचेसुद्धा. तो लवकर संपला असता तर आमच्या हाती काही लागलं नसतं. जन्मात इतकी श्रीमंत मी कधी नव्हते.

पण 'पडीक' म्हणून काढून घेतलेला अल्विनचा मळा तुम्ही अजून परत दिलेला नाही. त्याच्या काचघराला तुमचंच कुलूप आहे. मे आला की हे कंद पुन्हा निजणार, आणि ते त्याच्या फळीखाली निजले पाहिजेत. म्हणून विचारते. ज्याने 'पडीक' लिहिलं, त्याने लिहिण्याआधी एका तरी कुंडीत बोट घालून पाहिलं होतं का? हो की नाही? उत्तर द्या.