सेकंदाच्या पोटातली हाक

ऐकणं हेच माझं काम. बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली. मी एक लहानशी हिरवी पेटी. एटापल्लीकडच्या जंगलात ऐनाच्या झाडाला पट्ट्याने बांधलेली. माझ्या दोन बहिणी पलीकडच्या झाडांवर आहेत. कुणी चोरून झाड तोडलं, की कुऱ्हाडीचा आवाज आम्ही वेळेसकट टिपून ठेवतो.

आवाज पळत येतो. जी जवळ असेल तिला तो आधी ऐकू येतो, लांबचीला मागाहून. हा फरक एका सेकंदाच्याही आतला असतो. त्यावरूनच आवाजाची जागा सापडते.

एका उन्हाळ्यात जवळच्या गावातले पोचूभाऊ चारोळी गोळा करायला गेले, ते परतलेच नाहीत. गावाने जंगल धुंडाळलं. शेवटी त्यांची लेक रंजीता नूतनबाईंकडे आली. आमची देखभाल त्याच करतात.

"मॅडम, तुमच्या पेट्या कुऱ्हाड आयकतात. मंग माणूस नाई आयकत काय?"

नूतनबाईंनी आम्हा तिघींना उतरवून कचेरीत आणलं, आमची कार्डं संगणकाला लावली. वारा, माकडं, पाखरं... आणि मग एक लांबलेली हाक.

"हा माह्या बाचा आवाज होय!" रंजीता उभीच राहिली.

संगणकाने जागा दाखवली, आमच्या झाडांच्या बरोबर मधोमध. माणसं धावली. तिथे नुसती बांबूची बेटं. त्यांनी घसा फोडून हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या सकाळी नूतनबाई त्याच आकड्यांपुढे बसल्या होत्या. "तिघींना एकाच वेळी ऐकू आलं? असं कसं होईल?" त्यांनी माझं कार्ड थेट उघडलं. तिथे सेकंदापुढे दशांश चिन्ह होतं, आणि त्याच्यापुढेही आकडे होते. वेळ माझ्याकडून संगणकाच्या तक्त्यात नेताना ते आकडे वाटेतच गळले होते. अख्खे सेकंद तेवढे पोचले होते, आणि ते तिघींचे सारखेच होते.

"रंजीता, वेळ नेणारा तो प्रोग्राम मीच लिहिलाय. चूक माझी आहे."

"ते मंग सांगा, मॅडम. पयले जागा सांगा."

वेळ पूर्ण नेली, तशी खूण सरकली. नाल्याच्या पल्याड, कड्याखाली. पोचूभाऊ तिथेच पडले होते. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, पण धुगधुगी होती. आदल्या दिवशीच्या हाका त्यांना ऐकू आल्या होत्या, असं नंतर रंजीताने सांगितलं. उत्तर द्यायला त्यांच्याकडे आवाज उरला नव्हता.

ते वाचले. पाय मात्र कापावा लागला. एक दिवस आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. नूतनबाई बराच वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. रंजीता येऊन त्यांच्या शेजारी बसली.

मी पुन्हा झाडावर आहे. झाकण उन्हाने तडकलंय, बुंध्यावरची वाळवी पट्ट्यापर्यंत आलीये. माझ्यानंतर दुसरी पेटी येईल. तिचं ऐकलेलं तुम्ही कुठेही न्या, कशातही भरा. पण सेकंदापुढचे आकडे बारीकसारीक म्हणून गाळू नका. तेवढ्याशा जागेत एखादा माणूस वाट बघत पडलेला असतो.