जगूमहाराजांचा मंतरलेला बोळा

राजुरीच्या बाजारतळावर त्या दिवशी माणसांपेक्षा शेळ्याच जास्त ओरडत होत्या. जगूमहाराजांनी शेळ्यांच्या पोटात ठेवलेले मंतरलेले बोळे परवा दोरी धरून ओढून काढले होते आणि आज सगळ्या एकदम माजावर आल्या होत्या.

"देवानं हाक मारली," महाराज म्हणाले. "ज्याच्या दारात पाप न्हाई, त्याच्याच शेळीनं ती ऐकली."

लोक पाया पडले. मीही पडलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण गर्दीत माझीही शेळी होती. ती ओरडली तेव्हा पुण्यवान माणसाच्या तोऱ्यात मी शेजारच्या सोमाजीकडे बघूनही घेतलं.

सरूबाईंची शेळी मात्र गाभडली, पोटातलं पिल्लू पडलं. बोळा काढताना महाराजांनी सगळ्या शेळ्यांना तीर्थाची सुई टोचली होती. तुमच्या घरात पाप आहे, असं त्यांनी बाईंना सुनावलं. सरूबाईंचा जन्म शेळ्या-मेंढरांमागे गेलेला. त्यांनी अन्न सोडलं आणि कुठलं पाप ते आठवत बसल्या. मी समजूत घालायला गेलो आणि म्हणालो, नीट आठवा, काहीतरी सापडेल. असा मी विज्ञानाचा मास्तर.

त्यांची भाची उज्ज्वला घोडेगावला जनावरांची डॉक्टर आहे. ती आली, मावशीच्या गोठ्यात पडलेला बोळा उचलला आणि मावशीला नि त्यांच्या सुनेला घेऊन थेट बाजारतळावर महाराजांसमोर गेली. आपल्या बॅगेतून तिने तसाच स्पंज काढला, तशाच दोरीचा.

तिने सांगितलं, की यात हार्मोनचं औषध असतं. स्पंज आत असेपर्यंत माज थांबतो, काढला की सगळ्या शेळ्या बरोबरच माजावर येतात. कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर तो वापरतात, पण शेळी गाभण नाही ना, हे आधी तपासून. स्पंज काढताना जी सुई देतात, म्हणजे महाराजांचं तीर्थ, ती गाभण शेळीला दिली तर गर्भ पडतो.

मग तिने महाराजांपुढे साधा कापूस धरला. "यावर मंत्र म्हणा. माझ्या शेळीला ठेवू."

आज ग्रह ठीक नाहीत, असं म्हणत महाराज जीपकडे निघाले. त्यांचा चेला आधीच आत बसला होता.

सरूबाईंनी हळूच विचारलं, "मंग माझ्या हातून पाप न्हाई घडलं?"

"नाही मावशी. औषधानं झालं ते."

त्या रडल्या, मग सुनेकडे भाकरी मागितली.

मी तिथेच मान खाली घालून उभा होतो. आता वर्गात सांगतो ते तुम्हालाही सांगतो: पाया पडण्याआधी विचारा, बोळ्यात काय आहे, सुईत काय आहे. आपण विचारत नाही, म्हणून कुणीतरी बाई उपाशी राहून आपलं पाप शोधत बसते.